छोट्या लाईनीचा लेआउट

८ जानेवारी २००३

पहिले माफी मागून घेते. यात चुका लय असन. ण ले शिफ्ट दाबा लागते आन माहं बोट तिथी वेळेवर पोचत नाई, म्हनून मी न वरच भागवून राह्यली. एवढं लिवायले पंधरा मिनिटं लागले. रईसभाई म्हने रोज एक पान टाइप करजो, काईही लिव, मनातलं लिव, मी वाचनार नाई, बोटं चालली म्हनजे झालं. दुकान त्याईचंच, झेरॉक्स, एसटीडी आन कंप्युटर. फाइलले माहंच नाव देल्लं त्याईनं. चंदा.

नाव बाबानं ठेवलं. चांदा फोर्ट टेशनाची पाटी पाहून ठेवलं म्हनते.

मी आठवीत शाळा सोडली. बाबाले लकवा मारला आन घरी कोनीतरी बसा लागे. माय दुपारपाळीत राइस मिलले जाते. सकाळी ती घरी असते तेव्हा मी इथी टायपिंग शिकते. गिऱ्हाईक आलं का मी स्क्रीनकडे पाह्यते. मले मानसाईसोबत बोलता येत नाई. कंप्युटरसोबत येते.

११ जानेवारी

काल करंटची लाइन गेली आन लिवलेलं सगळं उडालं. आता दर दोन ओळीनं सेव करून राह्यली.

आज आमच्या गाडीचं लिवते. बाबा छोट्या लाईनीवर, त्या अरुंद रुळाच्या रेल्वेवर, खलाशी होते. आमच्या टेशनात कांटा मारत. म्हनजे दांडा ओढला का रूळ सरकते, मंग गाडी या लाईनीतून त्या लाईनीत जाते. बारा वर्स केलं पन कच्चेच राह्यले, पर्मनंट झाले नाई. मंग छोटी लाईन निंगाली, रूळच उखडून टाकले, आन मोठी आली. आता कांटे बटनावर आहेत.

लकव्यानंतर उजवा हात गेला आन बोलनं गेलं. एकच शब्द उरला. किलेर. लाइन किलेर मधला, म्हनजे पुढची लाईन मोकळी आहे, गाडी सोडा. पानी पायजे तरी किलेर, गरम होऊन राह्यलं तरी किलेर. माय म्हनते, "याईच्या तोंडात गाडीच अडकून राह्यली."

दिवसभर भिंतीकडे तोंड करून झोपत. मी एक दिवस बिघडलेल्या टेपची मोटर सेलवर लावून पाहून राह्यली होती, घर्रर्र वाजली तं बाबानं मान वळवली. तीन वर्सांत पहिल्यांदा आवाजाले वळवली. म्हनून मी ठरवलं का इंजिन बनवायचं. मंग इंजिनाले रूळ पायजे, रुळाले टेशन पायजे, असं वाढत गेलं.

१५ जानेवारी

रूळ म्हनजे छत्रीच्या काड्या. खाली बांबूच्या चिपा, त्याले बारीक खिळे. दोन रुळाच्या मधात माही दोन बोटं बसते. खरी छोटी लाईन अडीच फूट होती, मी तिचं दोन बोटं केलं.

चाकाचा लय घोर होता. लाकडाचं चाक रुळावरून उतरून जाये. आज खैरुनभाभी, रईसभाईच्या घरच्या, दुकानातच शिलाई मशीनवर बसल्या होत्या. बॉबिन खाली पडली आन गडगडत माह्या पायापाशी आली. मी उचलली आन परत द्यायची सोडून पाहतच राह्यली. दोन्ही काठाले कड आहे. मधातून कापली तं दोन चाकं, एकेक कडवाले, रेल्वेच्या चाकासारखे.

भाभी म्हने, "देतेस का खातेस?"

मले सांगता आलं नाई काऊन पायजे, नुसतं बोटानं मधातून कापून दाखवलं. मंग त्याईनं आपनच डबा उघडून आठ जुन्या बॉबिना माह्या हातावर ठेवल्या. "जा. पन उद्या माह्या ब्लाऊजच्या बाह्या मधातून कापू नको."

२१ जानेवारी

चालली.

मागच्या टिनाच्या शेडात दोन जुनी दारं आडवी टाकून त्यावर टेशन मांडलं आहे. आपलंच टेशन, जसं पहिले होतं तसं. दोन लाईनी, एक कांटा, रंगाच्या डब्याची पान्याची टाकी, बांबू भरायचा फलाट. तिथून लाईन गोल फिरून परत टेशनात येते. सेल मागच्या डब्यात बसते.

सुकलूकाका आले होते. ते बाबासोबतचे, पन ते पर्मनंट झाले, आता मोठ्या लाईनीवर रूळ दुरुस्तीच्या गँगमध्ये आहेत. बॉबिना त्याईनंच हेक्सानं कापून देल्ल्या. आम्ही बाबाले खुर्चीवर बसवून शेडात आनलं. मी बटन दाबायले गेली तं काकानं माहा हात धरला.

"काऊन वं पोरी, लाइन किलेर नसता गाडी सोडतेस? मेमो देतीन तुले."

आम्ही थांबलो. बाबा टाकीकडे पाहत होते, मंग फलाटाकडे, मंग कांट्याकडे. लय वेळ. मंग म्हनले, "किलेर."

हा किलेर पान्याचा नोहता.

३० जानेवारी

रईसभाईले सांगून टाकलं. मले वाटलं हसतीन. ते हसले नाई. चांदाले गेले होते तेव्हा इंटरनेट कॅफेत बसून पाहून आले, आन एक चित्र छापून आनलं. एक म्हातारा गोरा मानूस कंबरेएवढ्या टेबलावर रेल्वे मांडून मधात उभा आहे. म्हने बाहेरच्या देशात लोक हेच करते आन त्याले लेआउट म्हनते. नॅरो गेज लेआउट.

मी म्हटलं लेआउट म्हनजे मूल गावच्या रोडवर चुना मारून प्लाट पाडते ते.

"तेही लेआउट, हेही लेआउट. तू आता लेआउटवाली झाली. चंदाबाई बिल्डर."

घरी येऊन बाबाले सांगलं, बाबा, हा आपला लेआउट. बाबा म्हनले किलेर. माय म्हने, "हाव, दोघंही बह्याड."

मले लेआउट हा शब्द लय आवडला. टाइप करायलेही सोपा आहे.

९ फेब्रुवारी

कांटा हातानं सरकवा लागे. सुकलूकाकानं भंगारातून लुनाचा ब्रेक आनला, तारेसकट. आम्ही तो खुर्चीच्या उजव्या दांड्याले बांधला. ब्रेक दाबला का तार ओढली जाते आन कांटा बसते. सोडला का ट्यूबच्या रबरानं परत येते.

काका म्हने, "डाव्या बाजूले बांध, तो हात चालते."

मी उजवीकडेच बांधला. का बांधला ते मलेही माहीत नाई. कांटा तं बाबा उजव्या हातानंच मारत असन.

पहिला दिवस हात नुसता ब्रेकवर ठेवून राह्यले.

१३ फेब्रुवारी

आज दोन बोटं वाकली. ब्रेक अर्धा दबला. गाडी कांट्यावर घसरली, डबा उताना पडला. बाबाले घाम आलता.

मायले सांगलं तं ती भात परतत होती, परततच राह्यली. मंग म्हने धूर लागला डोळ्याले. गॅस होता.

१९ फेब्रुवारी

पूर्न दबला. कांटा खट् बसला. गाडी दुसऱ्या लाईनीत गेली, फलाटाले लागली. बाबानं चार वेळा केलं.

डॉक्टरले दाखवलं. ते म्हने हे जे काई करून राह्यले ते बंद करू नका. तीन वर्सांनी असं होत नाई सहसा. रोज करा, एक दिवसही खाडा नको. आता सुटलं तं परत येनार नाई.

२४ फेब्रुवारी

निराधार योजनेचा अर्ज भरला. मायनं लय दिवसापासून कोनाकोनाले म्हटलं होतं. मी म्हटलं मीच टाइप करते, माहा पहिला खरा अर्ज. रईसभाई नमाजले गेले होते आन तहसील ऑफिस तीनले बंद होते, म्हनून त्याईले दाखवला नाई.

फार्माले एक पत्र जोडा लागते, अपंगत्वाची सध्याची स्थिती. मी विचार करून करून लिवलं. खोटं लिवायचं नाई आन अशुद्ध लिवायचं नाई. ण सगळे बरोबर टाकले. हे असं आहे,

"माझे वडील भैयाजी यांना अर्धांगवायू झालेला असून ते कोणतेही काम करू शकत नाहीत. वडिलांनी घरामागे छोट्या लाईनीचा लेआउट टाकलेला आहे व ते दररोज लेआउट चालवितात. त्या कारणाने त्यांची स्थिती सुधारत आहे."

खेळन्यातली रेल्वे लिवनार होती. पन मंग वाटलं, एवढा मोठा मानूस खेळन्यानं खेळते असं कागदावर चांगलं दिसत नाई. साहेब लोकाईले इंग्रजी येते, त्याईले बरोबर समजन.

६ मार्च

सकाळी घरी दोघं जन मोटरसायकलवर आले. चष्मेवाला म्हने, "भैयाजीचं घर हेच ना? कोपऱ्याचा आहे का एखादा?"

मायले समजलं नाई. म्हने, "कोपऱ्याचं काय?"

"प्लाट वं बाई. ऑफिसात आयकलं, लेआउट टाकला म्हने तुम्ही. छोट्या लाईनीचा, म्हनजे छोटे प्लाट ना? आम्हाले छोटाच पायजे."

माय हसली तं हसतच राह्यली. त्याईले वाटलं भाव वाढवून राह्यली. शेवटी शेडात नेऊन दाखवलं. चष्मेवाला बाबाकडे पाहून गेला. दुसरा मानूस म्हने, गाडी छान आहे.

रईसभाईले सांगलं. ते पहिले हसले, मंग म्हने, "अर्जाची कॉपी दाखव." वाचली. हसनं बंद झालं.

१२ मार्च

नोटीस आली. पाहून पाहून उतरवते.

"आपण आपल्या राहत्या घरामागील जागेत विनापरवानगी लेआउट पाडून तो चालवीत असल्याचे आपल्याच दि. २४ फेब्रुवारीच्या पत्रावरून निदर्शनास आले आहे. सदर अनधिकृत लेआउट सात दिवसांचे आत हटविण्यात यावा, अन्यथा कार्यालयामार्फत हटविण्यात येईल. आपला निराधार अर्ज यामुळे नामंजूर करण्यात येत आहे."

आपल्याच पत्रावरून. म्हनजे माह्याच.

माय मले रागावली नाई. नुसतं इचारलं, "हटवा म्हनजे काय हटवा? हे?" शेडाकडे हात केला.

१३ मार्च

रईसभाईसोबत ऑफिसले गेली. खिडकीवरच्या बाबूले रईसभाईनं सगळं समजावून सांगलं, तो चित्रातला म्हाताराही दाखवला. बाबूले समजलं. तो बाजूच्या मानसाले आवाज देऊन म्हने, "अरे, ते लेआउट झुकझुकवालं निंगालं." सगळे हसले.

रईसभाई म्हने, "मंग नोटीस वापस घ्या."

"तोंडी नाई होत भाऊ. मी लिवलेलं वाचतो, बोललेलं नाई. पत्रावर काय आहे? लेआउट टाकलेला आहे. चालवितात. हे कोनी टाइप केलं?"

मले म्हनायचं होतं का मी. मी टेबलावरच्या काचेखालचं कॅलेंडर पाहत राह्यली.

"टायपिंग चांगली आहे पन," बाबू म्हने. "एकही चूक नाई."

दुसरं पत्र देल्लं आम्ही, खुलाशाचं. त्यावर शिक्का मारला. म्हने मोक्यावर साहेब येऊन पाहतीन.

१७ मार्च

रईसभाई माह्यासोबत कमी बोलून राह्यले. तो शब्द त्याईनं देल्ला म्हनून त्याईले वाईट वाटते. मी म्हनायले पायजे का तुमची चूक नाई. रोज ठरवून येते.

बाबाचा अंगठाही हलून राह्यला आता.

२१ मार्च

साहेब आले. मी भेत होती तसे नाईच ते. चप्पल बाहेर काढून शेडात आले. लय वेळ वाकून वाकून पाह्यलं. म्हनले, लहानपनी मामाच्या गावाले याच गाडीनं जात, चढावर उतरून लोक बाजूनं चालत आन परत चढत.

"चालवून दाखवता?"

बाबाकडे पाह्यलं. बाबानं साहेबाले पाह्यलं, पँट-शर्ट, मागे उभा शिपाई, बगलेत फाइल. ताठ बसले. साहेब लोक तपासनीले येत तसंच त्याईले वाटलं असन. "किलेर," म्हनले, आन ब्रेक दाबला. एकदम साफ बसला कांटा. गाडी पूर्न गोल फिरून आली.

साहेबानं टाळी वाजवली. चहा घेतला. मंग बाहेर मायले बाजूले घेतलं. मी दारामागे होती, म्हनून सगळं आयकू आलं.

"बाई, मले दिसते हे काय आहे ते. पन फाइल उघडली. रोडवर खरे लेआउट इतके पडून राह्यले का वरून रोज इचारना होते. मी लिवलं का खेळन्यातली रेल्वे आहे, तर वरचे म्हनतीन याले काईतरी भेटलं, म्हनून लेआउटची रेल्वे केली. पंचनाम्यात दोनच रकाने आहेत. हटविला, हटविला नाही. तिसरा नाई."

माय म्हने, "मंग?"

"एक दिवस काढा. शेड रिकामं करा, मी रिकाम्या जागेचा फोटो घेतो, हटविला लिवतो, फाइल बंद. दुसऱ्या दिवशी पुन्हा मांडा, मी पाहायले येत नाई. निराधारचा अर्ज नव्यानं भरा, मी स्वतः मंजुरीले पाठवतो. यापेक्षा सोपं काई नाई, बाई."

माय हाव म्हने. मीही मनात हाव म्हटलं. मले खरंच वाटलं का सुटलो.

साहेबानं जाता जाता बाबाच्या खांद्यावर हात ठेवला.

२५ मार्च

उद्या फोटो. आज काढायले घेतलं. मी सगळ्या तुकड्यावर पेनानं नंबर टाकले, एकपासून एकशे बारापर्यंत, म्हनजे तसंच्या तसं लावता येईन. टेशन, टाकी, फलाट खोक्यात ठेवलं. सुकलूकाका पकडीनं खिळे काढून राह्यले होते, मी काड्या गोळा करून राह्यली होती.

बाबाले घरात झोपवून आलो होतो. मायनं दार लोटून घेतलं होतं. पन खिळा निंगतानी कुइं कुइं वाजते. अर्ध्यात मी वळून पाह्यलं तं बाबा मधल्या दारात उभे. भिंत धरून. आपल्याच पायानं आले. मले तं खुशीच झाली, मी म्हटलं काका पाहा, चालत आले.

काका उठले नाई. खाली पाहूनच म्हनले, "भैया, जाय, झोप. एक दिवसासाठी आहे."

बाबा काई बोलले नाई. किलेरही नाई.

मंग काम झाल्यावर काका पायरीवर बसले आन बिडी न पेटवताच हातात धरून म्हनले, "लाईन निंगाली ना पोरी, तेव्हा ठेकेदारानं आमच्यातलेच कच्चे लोक लावले होते रूळ काढायले. दुसरं काम नोहतं. हाही होता. आपल्याच टेशनातला कांटा यानंच खोलला. तवाही साहेब म्हने, रूळ काढून द्या, मोठ्या लाईनीवर तुमालेच घेतो."

मी म्हटलं हे मले कोनीच सांगलं नाई. काका म्हने सांगायसारखं काय आहे त्यात.

२६ मार्च

शेड झाडून ठेवलं होतं. साहेबाच्या शिपायानं तीन फोटो काढले. एका फोटोत मीही आली, त्यानं मले सरकायले सांगलं.

पंचनाम्यावर बाबाचा अंगठा लागत होता. उजव्या हाताची बोटं मुठीत गच्च होती, पहिलेसारखी. माय म्हने डावा घ्या. डावा घेतला.

फाइल बंद झाली.

२९ मार्च

पुन्हा मांडलं. दोन दिवस लागले. नंबरावर नंबर बसला, एकही काडी हुकली नाई. बाबाले खुर्चीवर आनलं, हात ब्रेकवर ठेवून देल्ला. मी म्हटलं, बाबा, झालं, पाहा, तसंच आहे.

बाबानं पाह्यलं. खाली पडलेला हात उचलून मी परत ठेवला. परत पडला.

३१ मार्च

तेच.

२ एप्रिल

डॉक्टर म्हने किती दिवस सुटलं? मी म्हटलं तीन, चार. ते कागदावर काईतरी लिवत राह्यले. मी म्हटलं सगळं तसंच लावलं आहे, नंबर टाकून. ते म्हने हाव, लावलं असन.

सुकलूकाका रोज येऊन म्हनून राह्यले, भैया, गाडी नागभीडवरून सुटली रे, दे किलेर. बाबा दुसरीकडेच पाह्यते.

आज बाबाले न इचारता मी बटन दाबलं. नुसतं पाहायचं होतं का गाडीचा आवाज आयकून वळते का. कांटा मधातच अडकून होता. गाडी रूळ सोडून फलाटाच्या पुढे निंगून गेली आन आडव्या दाराच्या काठावरून खाली पडली. एक बॉबिन गडगडत बाबाच्या पायापाशी गेली. बाबानं पाय सरकवला, तिले जागा देल्ली, बस.

७ एप्रिल

आज काईतरी झालं पन मले समजत नाई ते चांगलं का वाईट.

दुकानातून घरी गेली तं माय शेडाच्या दारात उभी. तिनं बोट ओठावर ठेवलं. आत बाबा खुर्ची आडव्या दाराले टेकवून बसले होते. रूळ काढून राह्यले होते. सुकलूकाकाची पकड उजव्या हातात. उजव्याच. पूर्न मुठीत धरलेली. डाव्या हातानं काडी दाबायची आन उजव्यानं खिळा ओढायचा. निंगालेले खिळे डब्यात, काड्या एका बाजूले, चिपा दुसऱ्या बाजूले, सारख्या रचून, मोजायले सोप्या पडतीन अशा. कुठीच घाई नाई. पार टेशनापर्यंत आले होते.

मी पुढे जाऊन राह्यली होती. मायनं माहा हात धरला.

"करू दे," म्हने. "हात चालून राह्यला ना."

कांट्यापाशी आल्यावर बाबा थांबले. पकड खाली ठेवली. तळव्यानं कांट्यावरची धूळ पुसली. मंग पकड उचलली आन तोही काढला.

१० एप्रिल

डॉक्टर खुश आहेत. पकड धरते म्हनजे लय झालं, म्हने. काय करते त्याच्याशी मतलब नाई, करून घ्या. रोज.

म्हनून मी रात्री उठून, सकाळी दुकानात यायच्या पहिले सगळं लावते, एकपासून एकशे बारापर्यंत. दुपारपर्यंत बाबा सगळं काढते. काल अंगठा आन पहिलं बोट जुळलं, बारीक खिळाही उचलला. माय म्हने एवढा हात तं फेब्रुवारीतही नोहता.

इंजिन खोक्यात आहे. ते वर काढलं का बाबा हातानं बाजूले करते, कामाच्या मधात आलेली वस्तू करते तसं. बोलत काईच नाई. पानी पायजे तरी आता नुसतं गडव्याकडे पाह्यते.

मी मायले इचारलं, तो एक शब्द होता तो कुठी गेला असन. माय म्हने, "तुले हात पायजे होता ना?" मंग तिले वाटलं आपन कडक बोललो, म्हनून तिनं माही वेनी घालून देल्ली. लहानपनी घालत होती तशी, ओढून ओढून.

१५ एप्रिल

निराधारचा नवा अर्ज. रईसभाई बाजूले बसले होते. म्हने या वेळी प्रत्येक शब्द मले दाखव. मी सध्याच्या स्थितीपाशी येऊन थांबली तं थांबलीच. दोन गिऱ्हाईकं येऊन गेले. रईसभाई म्हने, लिव काईतरी, चंदा, लाइन जाईन. मंग मी लिवलं,

"वडील घरी काहीही चालवीत नाहीत."

रईसभाईनं वाचलं. चूक नाई म्हने. प्रिंट काढली, मी सही केली, पाठवून देल्ला.

आत्ताच एसटीडीचा फोन वाजला. रईसभाईच्या बहिनीले, कहकशाँबाजीले, बल्लारपूरच्या दवाखान्यात जुळ्या पोरी झाल्या. दोघीही चांगल्या आहेत. पेढे आनायले मलेच धाडून राह्यले.